पत्र पौलाचे, हात तर्तियसचा

बायबलच्या नव्या करारात पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रेषिताच्या नावावर बरीच पत्रे आहेत. त्यांपैकी ज्यांची शैली बाकीच्यांशी जुळत नाही ती सरळ बनावट धरावीत, असे काहींचे म्हणणे आहे. मला हे घाईचे वाटते. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात मध्येच एक माणूस बोलतो: हे पत्र लिहिणारा मी तर्तियस, तुम्हांला सलाम सांगतो. म्हणजे पौल सांगत होता आणि लेखनिक उतरवून घेत होता. गलतीकरांस पत्राच्या शेवटी तर पौल म्हणतो, बघा, स्वतःच्या हाताने किती मोठी अक्षरे काढली आहेत! लेखनिकाला शब्द निवडायची किती मोकळीक होती, यावर शैलीचा निम्मा वाद अवलंबून आहे. तीमथ्य आणि तीत या पौलाच्या सहकाऱ्यांना लिहिलेली पत्रे मात्र मलाही पौलाची वाटत नाहीत. तिथे शब्दांसोबत मंडळीची, म्हणजे ख्रिस्ती समुदायाची, घडीही बदललेली दिसते.

ही पत्रे कशी पसरली याबद्दल कलस्सैकरांस पत्र 4:16 (अध्याय 4, वचन 16) वाचा. हे पत्र लावदिकीया या गावच्या मंडळीत वाचा आणि तिकडचे तुम्ही वाचा, असे तिथे सांगितले आहे. नकला अशाच गावोगाव फिरल्या. लावदिकीयाचे ते पत्र आज आपल्याकडे नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

इब्री लोकांस पत्रावर तर लेखकाचे नावच नाही. तरी इ. स. 200 च्या सुमाराच्या पी-46 या पपायरसवरच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावरच्या) हस्तलिखितात ते पौलाच्या पत्रांत, रोमकरांस पत्राच्या लगेच पुढे आहे. ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकातच म्हटले होते की, ते नेमके कोणी लिहिले हे देवालाच ठाऊक.