वृद्ध आईवडिलांसह शेगावदर्शन: नियोजन कसे करावे?

दारव्ह्याचा शेतकरी:
सोयाबीन घरात आल्यावर आईवडिलांना शेगावला नेण्याचा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात, फार वेळ उभे राहवत नाही. तरीही गजानन महाराजांच्या समाधीसमोर माथा टेकल्याशिवाय परतायचे नाही, असा तिचा आग्रह आहे. धाकटा भाऊ पुण्याहून केवळ दिवाळीत येतो, त्यामुळे भाऊबिजेनंतरचाच दिवस धरावा लागेल. मूर्तिजापूरपर्यंत बसने आणि पुढे रेल्वेने गेल्यास त्याच दिवशी परतणे जमेल काय?

खामगावकर:
जमेल, परंतु आईंना घेऊन तसे करू नये. दिवाळीच्या सुट्ट्यांत दिवस वर येतो तशी दर्शनाची बारी लांबत जाते आणि परतीच्या गाडीची वेळ डोक्यात असली की माणूस बारीतही घड्याळच पाहत राहतो. संध्याकाळपर्यंत शेगावला पोहोचावे, भक्त निवासात मुक्काम करावा आणि पहाटे काकड आरतीच्या सुमारास बारीत लागावे. खोली तेथे पोहोचल्यावर क्रमाने मिळते, म्हणून घरातील प्रत्येकाचे ओळखपत्र सोबत असावे. गुरुवार आणि एकादशी कटाक्षाने टाळावी. प्रकट दिन, रामनवमी व ऋषिपंचमी यांचा तर प्रश्नच नाही. महाराजांनी १९१० साली ऋषिपंचमीलाच समाधी घेतली, त्यामुळे त्या दिवशी दूरदूरच्या दिंड्या गावात असतात. आषाढी आटोपून पालखी पंढरपूरहून परतते, त्या दिवशी आमचा खामगाव-शेगाव रस्ता माणसांनी इतका भरतो, की आम्ही गावकरीसुद्धा वाहन बाहेर काढत नाही.

अकोल्याची लेक:
मुक्कामाबाबत सहमत आहे. मात्र समाधी राममंदिराच्या खाली भुयारात आहे आणि तेथे पायऱ्या उतराव्या लागतात, हे आईंना निघण्यापूर्वीच सांगावे. त्यांना झेपणार नसेल तर मुखदर्शनाची बारी वेगळी असते आणि ती बरीच लवकर सरकते. मुखदर्शनाला दुय्यम मानण्याची आपल्याकडची सवय मला पटत नाही. शेजारच्या आजींना समाधीपर्यंत नेण्याच्या हट्टापायी ताटकळत ठेवल्याचे मी पाहिले आहे आणि त्यात भक्तीपेक्षा नातवंडांची हौसच अधिक होती. अडचण असल्यास सेवेकऱ्यांना सरळ सांगावे. ते सर्वांना ‘माउली’ म्हणून बोलतात आणि वृद्धांची सोय मनापासून पाहतात. महाप्रसाद विनामूल्य असतो, तो अवश्य घ्यावा. कचोरी स्टेशनबाहेर मिळतेच, पण ती बारीत लागण्यापूर्वी खाऊ नये, हा फुकटचा सल्ला.

खामगावकर:
मुखदर्शनाविषयीचे म्हणणे योग्य आहे, तरी निर्णय आईंचाच असावा. आपण परस्पर ठरवले, तर त्या वर्षभर बोलून दाखवतील.

दारव्ह्याचा शेतकरी:
आपणा दोघांचे आभार. आईला पायऱ्यांचे सांगितले. तिचे म्हणणे असे की, मुखदर्शन आधी घ्यावे आणि गुडघ्यांनी साथ दिली तरच खाली उतरावे. भाऊबिजेनंतरचा गुरुवार सोडून जाऊ आणि एक रात्र तेथे राहू. वडिलांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे: पारायणासाठी बसायचे असेल, तर पोथी घरून न्यावी की तेथे मिळते?

अकोल्याची लेक:
घरचीच न्यावी. रोजच्या वाचनातील अक्षर डोळ्यांना सरावलेले असते, आणि चष्मा विसरू नये.