अ‍ॅनफिल्ड आधी एव्हर्टनचं मैदान होतं, हे खरं काय?

कॅम्पातला विंगर
नमस्कार मंडळी. काल रात्री मॅच बघताना आमच्यातल्या एकानं ठासून सांगितलं की अ‍ॅनफिल्ड, म्हणजे इंग्लंडातल्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचं मैदान, मुळात त्याच शहरातल्या एव्हर्टन क्लबचं, लिव्हरपूल नंतर आलं. मी लहानपणापासून लिव्हरपूलचा, मला काय पटेना. घरी जाताना गोगटे सर्कलला गाडी थांबवून अर्धा तास वाद घातला. टिळकवाडीच्या सरांना यातलं ठाऊक असणार म्हणून इथं विचारालोय. एव्हर्टन तिथलं असेल तर मग सोडून का गेलं?

टिळकवाडीचे सर (निवृत्त पीटी शिक्षक)
मित्राचं बरोबर आहे रे. 1884 ते 1892 अ‍ॅनफिल्डवर एव्हर्टनच खेळत होतं. लिव्हरपूल क्लब तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

एव्हर्टन म्हणजे मूळची चर्चच्या पोरांची टीम. आधी स्टॅन्ली पार्कात, उघड्या बागेत खेळायचे. मग प्रायरी रोडला एका गृहस्थाच्या जागेत गेले, पण मॅचच्या दिवशीचा दंगा त्याला सोसेना, त्यानं दुसरीकडे बघा म्हणून सांगितलं. तेव्हा क्लबचा अध्यक्ष जॉन हौल्डिंग पुढं झाला. हा बिअरचा कारखानदार. ऑरेल नावाच्या दुसऱ्या बिअरवाल्याचं रान त्यानं क्लबला भाड्यानं मिळवून दिलं, तेच अ‍ॅनफिल्ड. कुंपण घालायला, बसायला जागा करायला क्लबचे मेंबर स्वतः राबले. सप्टेंबर 1884 मध्ये पहिली मॅच, अर्ल्सटाउनला 5-0 हरवलं. मैदानात कपडे बदलायची सोय नव्हती, म्हणून खेळाडू हौल्डिंगच्याच सँडन हॉटेलात तयार होऊन यायचे.

गोम इथंच आहे. 1885 मध्ये हौल्डिंगनं ती जागाच विकत घेतली. म्हणजे क्लबचा अध्यक्ष तोच आणि घरमालकही तोच! भाडं 100 पौंडांवरून 1889-90 पर्यंत 250 वर गेलं. मैदानावर खाण्यापिण्याचं विकायचा हक्कही त्यानं स्वतःकडे ठेवला. मेंबरांत दारूला विरोध असलेले चर्चवाले बरेच होते, त्यांना हे आणखी टोचत होतं. शेवटी जॉर्ज मॅहन, जो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, त्याच्या मागं बहुतेक मेंबर उठले आणि 1892 मध्ये बाहेर पडले. स्टॅन्ली पार्कच्या पलीकडं गुडिसन पार्क हे नवं मैदान उभं केलं. डॉ. बॅक्स्टर म्हणून एकानं त्यासाठी 1,000 पौंड बिनव्याजी दिले.

मला या मेंबरांचं फार मोल वाटतं. आम्ही तरुणपणी ज्या माळावर खेळायचो, तिथले दगड वेचून, रोलर ओढून ग्राउंड आम्हीच केलं होतं. एका पावसाळ्यानंतर गेलो तर मालकानं तारेचं कुंपण घातलेलं, गोलपोस्ट उपटून बांधाला टाकलेले. आमची टीम तिथंच मोडली. एव्हर्टनवाल्यांनी मात्र टीम मोडू दिली नाही, नवं मैदान केलं.

निपाणीकर
सरांनी मस्त सांगितलंय. कॉपचं, म्हणजे अ‍ॅनफिल्डवरच्या प्रेक्षकांच्या चढाचं राहिलं, ते मी सांगतो. 1906 मध्ये लिव्हरपूलनं दुसऱ्यांदा लीग जिंकली, तेव्हा वॉल्टन ब्रेक रोडच्या बाजूला प्रेक्षकांसाठी मोठा चढ उभारला. त्याला स्पिअन कॉप नाव दिलं ते अर्नेस्ट एडवर्ड्स या तिथल्या क्रीडा पत्रकारानं. दक्षिण आफ्रिकेत जानेवारी 1900 मध्ये त्याच नावाच्या टेकडीवर बोअर युद्धातली लढाई झाली, लँकाशायरकडचे पुष्कळ शिपाई तिथं मेले. त्याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून न्यायला गांधीजींची भारतीय रुग्णवाहक तुकडी होती. काँग्रेस विहिरीपाशी गेलात तर आठवा, 1924 ला आपल्या बेळगावात अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून आलेले तेच हे गांधी.

कॅम्पातला विंगर
गांधीजींचं आजच कळलं, भारी वाटलं! सर, एक सांगा, सगळे गेल्यावर हौल्डिंगनं लिव्हरपूल असंच नाव का ठेवलं?

टिळकवाडीचे सर
त्याला एव्हर्टन हेच नाव ठेवायचं होतं. फुटबॉल असोसिएशननं, म्हणजे इंग्लंडातल्या फुटबॉलच्या मुख्य संस्थेनं, निकाल दिला की नाव बाहेर पडलेल्या मेंबरांचं. मग हातात रिकामं मैदान आणि नवं नाव! मार्च 1892 मध्ये लिव्हरपूल स्थापन झालं, हौल्डिंगचा साथीदार जॉन मॅकेना यानं स्कॉटलंडहून खेळाडू आणले. 1 सप्टेंबरला पहिली मॅच झाली, रॉदरहॅम टाउनवर 7-1. दोनच दिवसांनी लँकाशायर लीगमध्ये हायर वॉल्टनवर 8-0.

मित्रासमोर आता दोन्ही गोष्टी ठेव. एव्हर्टननं आपली पहिली लीग 1890-91 ला जिंकली, ती अ‍ॅनफिल्डवर खेळत असताना. आणि त्यांच्या पुरुष संघानं गुडिसन सोडलं ते थेट 2025 मध्ये, 18 मेला साउदॅम्प्टनला 2-0 हरवून.