दरवर्षी 60 लाख, पाच वर्षं : मनपाची शाळा चालवायला घ्यावी की मुलांची फी भरावी?

विश्वस्त_पुणे

नमस्कार. आमचा कौटुंबिक न्यास पुण्यात नोंदलेला आहे. आयकर सवलतीच्या 12अ व 80जी आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) घेण्यासाठीची सीएसआर-1, अशा तिन्ही नोंदण्या आहेत. न्यासाचे वर्षाला 25 लाख आणि एका कंपनीच्या सीएसआरचे 35 लाख, असे 60 लाख शालेय शिक्षणासाठी देता येतील. हमी पाच वर्षांची आहे.

विश्वस्तांपुढे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, मनपाची एक शाळा सामंजस्य कराराने चालवायला घ्यायची: ज्युनियर केजीची 30 मुलांची एक तुकडी, दरवर्षी एक इयत्ता वाढवत दहावीपर्यंत. दुसरा, येरवडा आणि जनता वसाहतीतली मुलं खासगी शाळांत घालून त्यांची फी भरायची. तिसरा, सरकारी अनुदान न घेता स्वतःची स्वयंअर्थसहाय्यित शाळा काढायची. पहिल्या प्रस्तावात दर मुलामागे वर्षाला 35,000 खर्च धरला आहे. एका विश्वस्तांचं म्हणणं असं, की अमेरिकेत देणगीदारांच्या पैशावर चार्टर शाळा (स्वतंत्र संस्थांनी करारावर चालवलेल्या सार्वजनिक शाळा) उभ्या राहिल्या, मग पुण्यात का नाही? पैसा कुठे लावला तर टिकेल?

खडू_फळा

तिसरा प्रस्ताव आधी बाजूला ठेवा. पुण्यात जागेतच तुमची पाच वर्षांची रक्कम संपेल.

चार्टर शाळा देणगीवर चालत नाहीत, हे विश्वस्तांना सर्वांत आधी सांगायला हवं. 1991 मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला चार्टर कायदा केला, 1992 मध्ये पहिली शाळा उघडली. तेव्हापासूनचं मूळ गणित असं: मूल शाळेत आलं की त्याच्या वाट्याचा सरकारी पैसा दरवर्षी त्या शाळेला मिळतो. शिक्षकांचे पगार त्यातून होतात. देणगी लागते ती शाळा उघडण्याआधीच्या वर्षाला, इमारतीला आणि मुख्याध्यापक तयार करायला. वॉल्टन फॅमिली फाउंडेशन या अमेरिकी देणगीदार संस्थेने सुरुवातीची अनुदानं दिली ती यासाठी. गॅप कंपनीच्या फिशर दांपत्याने 2000 साली केआयपीपी या चार्टर शाळांच्या साखळीच्या विस्तारासाठी दीड कोटी डॉलर दिले, त्यांतही शाळाप्रमुख घडवण्यावर भर होता. देणगीदार थांबला तरी शाळा चालू राहते, कारण महिन्याचा पगार त्याच्यावर अवलंबून नसतो.

आपल्याकडे याच्या उलट आहे. मनपा आणि संस्था यांच्या बहुतेक करारांत इमारत, पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहार सरकारी बाजूने येतो आणि शिक्षकांचे पगार संस्थेवर पडतात. म्हणजे जो खर्च कधीच संपत नाही, नेमका तोच देणगीच्या गळ्यात. आकांक्षा फाउंडेशन पुणे आणि पिंपरी-चिंचवड मनपाच्या शाळा भागीदारीत चालवतं, आणि मुलांना त्याचा फायदा होतो. पण त्यामागे सतत निधी उभा करणारी स्वतंत्र यंत्रणा आहे. पाच वर्षांची हमी असलेल्या न्यासाने तसंच करायला जाऊ नये.

आणखी एक. व्यवस्थापन बदललं म्हणजे शिकणं सुधारतंच, असं तिकडेही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राच्या 2009 च्या अभ्यासात गणितात 17 टक्के चार्टर शाळा जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, 37 टक्के मागे होत्या, बाकीच्यांत फरक नव्हता. 2023 च्या अभ्यासात चित्र सुधारलेलं आहे. मधल्या काळात कामगिरी नसलेल्या शाळा बंदही झाल्या. परवाना देणाऱ्याला करार न वाढवण्याचा अधिकार तिथे खरोखर वापरला जातो.

ताळेबंद

वरचं म्हणणं आकड्यांत मांडतो. खर्चवाढ वर्षाला 8 टक्के धरली आहे. चांगले शिक्षक टिकवायचे तर याहून कमी धरू नका.

पहिल्या वर्षी 30 मुलं, 10.5 लाख. दुसऱ्या वर्षी 60 मुलं, 22.7 लाख. तिसऱ्या वर्षी 36.7, चौथ्या वर्षी 52.9. पाचव्या वर्षी 150 मुलं आणि 71.4 लाख. म्हणजे पहिली तुकडी तिसरीत असतानाच 60 लाखांची रेषा ओलांडली जाते. बाराव्या वर्षी, सगळ्या इयत्ता भरल्यावर, 360 मुलं आणि सुमारे 2.94 कोटी.

सुरुवातीला उरलेले पैसे पुढे वापरू, असं कुणीतरी म्हणेलच. सीएसआरच्या बाबतीत ते जमत नाही. दिलेली रक्कम प्रत्यक्ष खर्च झाल्याचं कंपनीला दाखवावं लागतं आणि संस्थेच्या कायम निधीत (मुद्दल न खर्चता ठेवायच्या रकमेत) टाकलेली रक्कम सीएसआर म्हणून चालत नाही. चालू (बहुवर्षीय) प्रकल्प म्हणून मंजुरी असेल तर न वापरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर 30 दिवसांत कंपनीच्या वेगळ्या खात्यात जाते आणि तीन वर्षांत खर्चावी लागते. म्हणून क्रम उलटा लावा: आधी सीएसआर संपवायचा, न्यासाचे 25 लाख साठवायचे. न्यासालाही उत्पन्नाच्या 85 टक्के खर्च करायचे असतात, तेव्हा साठवणूक ठरावीक उद्देशाचा ठराव करून, पाच वर्षांच्या मुदतीत, किंवा देणगीदाराने लेखी कायम निधीसाठी दिलेल्या रकमेतूनच करता येते. सीएंना पहिल्या वर्षीच बसवा.

साठवलेल्या रकमेवर 7 टक्के व्याज धरलं आणि हमी वाढवून मिळाली, तर सातवं वर्ष जेमतेम निघतं. आठव्या वर्षी खर्च 1.44 कोटी आणि पहिली तुकडी सहावीत. तिथे अडकलेल्या मुलांना कुठे पाठवणार?

रोकडीची अडचण वेगळीच. शाळा जूनच्या मध्यात सुरू होते, पण कंपन्यांचा पहिला हप्ता पुष्कळदा ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत येत नाही. तीन महिन्यांचे पगार हाताशी नसतील तर पहिल्याच वर्षी शिक्षक सोडून जातात. आणि कंपनीकडून हमखास येणारा आक्षेप: "प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या आत हवा." ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार प्रकल्पखर्च आहे. करारात हे वाक्य घालून घ्या, नाहीतर दर तिमाहीला तोच वाद.

पालकमित्र

दुसऱ्या प्रस्तावाबद्दल. मुलाने शाळा निवडावी आणि पैसा त्याच्यामागे जावा, या कल्पनेचा भारतात नीट प्रयोग झालेला आहे. आंध्र प्रदेशात 180 गावांत सोडतीने मुलांना खासगी शाळेची फी मिळाली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये मांडले. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात खासगी शाळेत गेलेली मुलं पुढे नव्हती. हिंदीत होती, कारण सरकारी शाळांत तो विषय फारसा शिकवलाच जात नव्हता. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च मात्र सरकारीच्या सुमारे एक तृतीयांश होता. यावरून खासगी शाळा निरुपयोगी असं ठरत नाही. पण नुसती फी भरून मूल भाषा-गणितात पुढे जाईल, हे गृहीत धरू नका.

शिवाय पहिलीपासून फी भरायला तुम्ही हवेच कशाला? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12(1)(सी) प्रमाणे विनाअनुदानित शाळांत 25 टक्के जागा आहेतच. राज्य शाळेला दर मुलामागे वर्षाला 17,670 रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती (फीची भरपाई) देतं, आणि ती थकते, ही शाळांची जुनी तक्रार आहे. पालक अडकतात ते दुसरीकडे. अर्ज भरताना नकाशावर घराच्या जागी टाकायचा फुगा भलत्याच चौकात पडतो आणि पडताळणीत प्रवेश जातो. भाडेकराराची नोंदणी झालेली नसते. दुर्बल घटकासाठी लागणारा 1 लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला वेळेत हाती येत नाही. अर्जाच्या हंगामात वस्तीत दोन जाणती माणसं बसवली, तर थोड्या पैशात पुष्कळ मुलं आत जातात.

दुसरी गळती आठवीनंतरची. कायद्याचं संरक्षण तिथे संपतं आणि नववीत तीच शाळा पूर्ण फी मागते. इंग्रजी माध्यमात आठ वर्षं काढलेलं मूल तेव्हा शाळा बदलतं किंवा शिक्षण सोडतं. 50 मुलांची नववी-दहावीची फी, दर वर्षी 40,000 धरली तर दोन वर्षांचे मिळून 40 लाख. खर्चाला शेवट आहे, हमीच्या पाच वर्षांत बसतो, आणि मूल मध्येच वाऱ्यावर सुटत नाही. माझं मत याच बाजूने आहे.

कायद्यावर लक्ष मात्र ठेवावं लागेल. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून 1 किमीच्या आतल्या खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ती रद्द केली. पुण्यात जवळपास मनपाची शाळा नाही असा भाग शोधावा लागेल, तेव्हा ती सूट टिकली असती तर इथला मार्ग जवळजवळ बंदच होता.

विश्वस्त_पुणे

सर्वांचे आभार. आठव्या वर्षाचा आकडा विश्वस्तांना दाखवला, त्यांनाही तो पटला. तरी मनपा शाळेचा आग्रह पूर्ण सुटलेला नाही, कारण वस्तीतली बहुसंख्य मुलं तिथेच आहेत. राज्याच्या दत्तक शाळा योजनेतून काही करता येईल का? आणि करार करायचाच झाला तर कोणत्या अटींशिवाय सही करू नये?

खडू_फळा

दत्तक शाळा योजना सप्टेंबर 2023 ची. अ आणि ब वर्ग महानगरपालिकांत पाच वर्षांसाठी 2 कोटी, दहा वर्षांसाठी 3 कोटी असं मूल्य ठरलेलं आहे. पुणे त्यात येतं. तुमचे पाच वर्षांचे 3 कोटी होतात, म्हणजे रक्कम बसते. पण मदत वस्तू आणि सेवांच्या रूपात द्यायची असते, रोख नाही. देणगीदाराने सुचवलेलं नाव शाळेला जोडता येतं. माझा सल्ला, नावाच्या मागे लागू नका, वस्तीत त्यावरूनच पहिला गैरसमज होतो. शाळा चालवण्याचा अधिकार यातून मिळत नाही. शिक्षक मनपाचेच राहतात आणि तुम्ही त्यांना लागणारं पुरवता. तुमच्या पाच वर्षांच्या हमीला हे साजेसं आहे. पैसे रंगरंगोटीत आणि संगणक कक्षात घालवू नका. पहिली ते तिसरीच्या वाचन-गणितासाठी जादा मदतनीस, वर्गात पुस्तकं, आणि शिक्षकांना वर्गात येऊन मदत करणारा एक अनुभवी माणूस, हे सगळं सेवेत बसवता येतं.

शाळा चालवण्याचाच करार असेल, तर दर मुलामागे मनपाकडून वार्षिक रक्कम मागा. 25 टक्के प्रवेशांचाच 17,670 चा दर धरला तरी सहाव्या वर्षी 180 मुलांचे 31.8 लाख होतात, आणि त्या वर्षाची 60 लाखांवरची तूट 32.6 लाख आहे. खासगी शाळेला देता येणारा पैसा स्वतःच्या इमारतीतल्या मुलांसाठी का देता येऊ नये, हा प्रश्न आयुक्तांपुढे लेखी ठेवण्यासारखा आहे. नकार आला तर फक्त चौथीपर्यंतचा करार करा आणि प्रवेशाच्या वेळीच पालकांना तसं सांगा.

मंजुरी आयुक्त, स्थायी समिती, मुख्य सभा अशी पूर्ण वाटेने घ्या. एका अधिकाऱ्याच्या पत्रावर चालणारी शाळा त्याची बदली झाली की अडते. मुदत दहा वर्षं हवी, दर तीन वर्षांनी आढावा. छत, शौचालयं आणि वीजबिल कोणाचं, हे वेगवेगळं लिहा. "देखभाल मनपा करेल" एवढ्या मोघम वाक्यावर पावसाळ्यात छत गळत राहतं. पहिली ते आठवीच्या शिक्षकांना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते, ती अट पहिल्या नेमणुकीपासून पाळा. दहावीपर्यंत जायचं असेल तर नववीची मान्यता आणि मंडळाचा इंडेक्स नंबर या वेगळ्या प्रक्रिया आहेत. पहिली तुकडी सातवीत असतानाच नैसर्गिक वाढीचा, म्हणजे पुढचे वर्ग जोडण्याचा, प्रस्ताव द्या.

ताळेबंद

दोन अटी जोडतो. सीएसआरच्या पैशातून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती मनपाच्या किंवा नोंदणीकृत धर्मादाय न्यासाच्या नावे लागते. प्रोजेक्टरपासून बाकांपर्यंत प्रत्येक वस्तू कोणाच्या जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत जाणार, हे खरेदीआधी ठरवा.

दुसरी, बाहेर पडण्याची. सूचना किमान बारा महिन्यांची, आणि करार संपण्याची तारीख 30 एप्रिलच, वर्षाच्या मध्यात कधीही नाही. जनरल रजिस्टर, यू-डायस या सरकारी शाळा-माहिती प्रणालीवरच्या नोंदी आणि शाळा सोडल्याचे दाखले पहिल्या दिवसापासून मनपा शाळेच्याच नावाने ठेवा. ते संस्थेच्या नावाने निघाले असतील तर करार संपल्यावर सहीशिक्का करायला कुणी उरत नाही, आणि दहा वर्षांनी जातपडताळणीसाठी आलेल्या मुलाला या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरावं लागतं.