मदत हवी आहे: हातभट्टी, मारहाण आणि अर्धवट सुटणाऱ्या गोळ्या – वस्तीने सुरुवात कुठून करावी?

तापीकाठ: जळगाव शहरातली वस्ती, दीडशे घरं. पुरुष केळी भरायला, नाहीतर जिनिंगवर. अंधार पडला की अड्ड्यापाशी भांडणं, मग घरात मारहाण. टीबीच्या गोळ्या मधेच सुटतात. महिला आरोग्य समिती कागदावरच आहे. आडवी बाटली, म्हणजे दारूचं दुकान बंद करायचं मतदान, करून अड्डा उठेल का?

भरीतपुरी: नाही भाऊ. आडवी बाटली परवान्याच्या दुकानासाठी. हातभट्टी मुळातच बेकायदा, तिला मतदान कशाला? पोलीस आणि उत्पादन शुल्क खातं, दोन्हीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज एकट्याच्या नावाने नको, समितीच्या ठरावासह द्या.

समिती ५० ते १०० घरांमागे एक असते, म्हणजे तुमच्याकडे दोन हव्यात. प्रत्येकीत १०-१२ बायका, वर्षाला ५,००० रुपये निधी, खातं अध्यक्ष आणि आशाताईंच्या संयुक्त सहीचं. बिघडतं कुठे, तर सगळ्या सदस्य एकाच भाऊबंदकीतल्या असतात. चुलतसासू समोर बसलेली असताना मार खाल्लेली सून तोंड उघडेल का? प्रत्येक गल्लीतून दोघी घ्या.

दादर_भाकर: त्याआधी सहा आठवडे वही ठेवा. वार, वेळ, जागा, काय घडलं, एवढंच. नावं लिहिलीत तर वहीवरूनच डोकी फुटतील. बंद पथदिवे आणि नळाच्या वेळाही टिपा. कधी कधी भांडणाचं मूळ अड्ड्यात नसतं, नळावर असतं.

रुग्णांची यादी मात्र आशाताईंकडेच राहू द्या, बैठकीत वाचायची नाही. कामासाठी गाव सोडणाऱ्या टीबी रुग्णाने निक्षय क्रमांक (टीबीच्या सरकारी नोंदणीचा) सोबत न्यावा, औषध तिकडच्या सरकारी दवाखान्यात सुरू राहतं. रोजंदारीमुळे ओपीडी चुकत असेल तर किती जणांची चुकते तो आकडा देऊन संध्याकाळची वेळ मागा. नुसत्या 'गैरसोय होते' या अर्जाला कोणी विचारत नाही.

तापीकाठ: आणि मारहाण? पंचांत मिटवतात.

दादर_भाकर: तिथेच घोळ होतो. दोन्हीकडची समजूत काढून बाईला त्याच घरात परत धाडतात. आधी दवाखाना. "पायरीवरून पडले" असं सांगितलं की कागदावर तेच उतरतं आणि पुढे पुरावा राहत नाही; मारलं असेल तर मारलं म्हणूनच सांगायचं. मग १८१ ही महिला हेल्पलाइन, किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. मार चालू असेल तर थेट ११२.

तापीकाठ: पहिली बैठक कधी ठेवू?

भरीतपुरी: मे महिन्यात दुपारी? कुत्रंही येणार नाही. रात्री साडेआठनंतर, आणि अड्ड्याच्या गल्लीत नको.