आयरिश शिकायच्या जुन्या पुस्तकांचे ऑनलाइन भाव: लूट की बाजार?

लिमरिककर
आयर्लंडमधे राहणारे आपल्यापैकी बरेच जण मुलांच्या शाळेमुळे का होईना आयरिशच्या वाटेला जातायत, शाळेत विषय सक्तीचा आणि घरी विचारायला कोणी नाही. मी मुलीचा गृहपाठ घेता घेता शिकायला लागले आणि आता तिच्यापेक्षा मलाच जास्त गोडी लागलीय. आमच्या इकडची म्हणजे मुन्स्टरची (आयर्लंडच्या दक्षिण भागाची) बोली शिकायची असेल तर जाणकार लोक हमखास एक जुनं पुस्तक सुचवतात, माइल्स डिलन आणि दोनहा ओ क्रोनीन यांचं १९६१ सालचं टीच युवरसेल्फ आयरिश. त्याच नावाने १९९० च्या दशकात जे आलं ते वेगळं, लेखक वेगळे, शिकवायची पद्धत वेगळी.

आता या जुन्या पुस्तकाचे भाव बघा. पिवळी पडलेली पानं, दुमडलेलं कव्हर, आत पेनने कोणीतरी उत्तरं लिहून ठेवलेली, अशी हातात मावेल एवढी प्रत आणि किंमत एकशे चाळीस युरो! दुसरीकडे तेच पुस्तक दोनशेच्या वर. याला मी सरळ लूट म्हणते. जुनी नाणी, जुनी घड्याळं यांचा भाव वाढवा, ज्याला हौस तो घेईल. पण हे शिकायचं पुस्तक आहे हो. २०२२ च्या जनगणनेत आयरिश येतं म्हणणारे १८ लाखांच्या वर होते आणि शाळा-कॉलेज सोडून रोज बोलणारे फक्त ७१,९६८. अशा भाषेकडे कोणी आपणहून येतंय तर त्याला पहिल्याच पायरीला एवढा आकडा दिसावा? ऑनलाइन दुकानांनी शिकण्याच्या पुस्तकांवर कमाल भावाची मर्यादा घालायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

व्यवहारी_माणूस
अजिबात पटलं नाही. बळजबरी कोणी केलीय का? मोजक्या प्रती उरल्यात, मागणारे जगभर आहेत, अमेरिकेत आयरिश वंशाची एवढी माणसं आहेत ज्यांना आजोबांची भाषा शिकायचीय, मग भाव चढणारच. आणि एक लक्षात घ्या, तुम्ही बघताय तो मागितलेला भाव आहे, मिळालेला नाही. दोनशेची प्रत अजून तिथेच पडलीय याचा अर्थ दोनशेला कोणी घेतली नाही. मर्यादा घातली तर विकणारा प्रत काढून घेईल आणि ओळखीपाळखीत विकेल, मग तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.

कोडवाला_नाशिक
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली. यातले बरेच भाव माणूस लावतच नाही. मोठे विक्रेते सॉफ्टवेअर लावतात, ते दुसऱ्यांचे भाव बघून आपला भाव आपोआप वर-खाली करतं. २०११ मधे अ‍ॅमेझॉनवर माशीच्या जीवशास्त्राचं एक छापणं बंद झालेलं पुस्तक २ कोटी ३० लाख डॉलरच्या वर गेलं होतं. बर्कलेच्या मायकेल आयझन या जीवशास्त्रज्ञाने रोज भाव टिपून हिशेब काढला तेव्हा कळलं की एक विक्रेता दुसऱ्याच्या भावाच्या ०.९९८३ पट लावत होता, म्हणजे थोडासाच खाली, आणि दुसरा पहिल्याच्या १.२७ पट. दोघं एकमेकांकडे बघत रोज वर चढत गेले. आयझनचा अंदाज असा की १.२७ पटवाल्याकडे पुस्तक नव्हतंच, ऑर्डर आली की पहिल्याकडून विकत घेऊन पाठवायचं आणि मधला फरक खिशात घालायचा.

आयरिशच्या जुन्या पुस्तकांचंही असंच होऊ शकतं, कारण विक्रेते दोन-तीनच असतात आणि भाव खाली खेचायला चौथा कोणी नसतो. म्हणून घ्यायच्या आधी विक्रेत्याला त्याच प्रतीचा फोटो मागा, पान उघडून. ज्याच्याकडे पुस्तक आहे तो पाठवतो.

लिमरिककर
@कोडवाला, हे वाचून माझा राग वाढलाच. जवळ नसलेल्या वस्तूला भाव लावायचा आणि आम्ही तो आकडा बघून "हे आपल्या आवाक्यातलं नाही" म्हणून नाद सोडायचा? @व्यवहारी, तुमचा मागणी-पुरवठा इथे कुठे आला, पुरवठा तर मुळात खोटा आहे. आणि तो खोटा आकडा बघून खरी प्रत असलेला माणूसही आपला भाव चढवतो, त्याला वाटतं हाच रेट चालू आहे.

जुनी_पुस्तकं_पुणे
मी बरीच वर्षं जुन्या पुस्तकांचा धंदा करतो, आता ऑनलाइनही. विकणाऱ्याच्या बाजूने कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. एखादी दुर्मिळ प्रत गिऱ्हाईक मिळेपर्यंत वर्षानुवर्षं कपाटात पडून राहते. जागेचं भाडं, वाळवी, पावसाळ्यातली ओल, साइटचं कमिशन, पोस्टात खराब झाली तर पैसे परत. शंभर पुस्तकं उचलली तर त्यातली पाच-सहाच बाकीच्यांचा खर्च भरून काढतात. घर रिकामं करताना लोक आजोबांची सगळी पुस्तकं किलोवर घालतात, त्यातून एखादं व्याकरणाचं पुस्तक बाजूला कोण काढतो? ज्याला माहीत आहे की याला भाव येतो, तोच. भाव नसता तर तुमच्या १९६१ च्या पुस्तकाच्या आहेत त्या प्रतीसुद्धा लगद्यात गेल्या असत्या. जवळ प्रत नसताना लिस्टिंग टाकणं मात्र चूकच, तो धंदा नाही, फसवणूक आहे.

गॉलवेतला_सदू
विक्रेत्याला शिव्या घालून काही होणार नाही, पुस्तक परत छापलं का जात नाही हे विचारा. आपला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८५७ चा, आज शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, शब्द टाका की अर्थ समोर. कॉपीराइट कधीच संपला म्हणून ते जमलं. आयर्लंडमधे लेखक गेल्यानंतर ७० वर्षं हक्क राहतात, दोन लेखक असतील तर जो नंतर गेला त्याच्यापासून मोजायची. डिलन १९७२ ला गेले, म्हणजे निदान २०४२ संपेपर्यंत कोणी हे पुस्तक राजरोस फुकट ठेवू शकत नाही आणि छापतही कोणी नाही. या मधल्या काळातच सगळे भाव फुगतात. आयरिश सरकारचा स्वतःचा प्रकाशन विभाग आहे, अन गूम, १९२० च्या दशकापासूनचा, आता फोरस ना गेलगे या आयरिश भाषेच्या प्रसारासाठीच्या सरकारी संस्थेच्या हाताखाली. त्यांनी अशा पाच-दहा पुस्तकांचे हक्क मिळवून छापली, नाहीतर नुसती पीडीएफ ठेवली, तरी दोनशे युरोची लिस्टिंग एका दिवसात निकामी होईल.

कॉपीराइट संपला की सगळं सुरळीत असंही नाही म्हणा. आयरिश शिकवणारे धर्मगुरू फादर ओग्रोनी १८९९ मधे गेले, त्यांचे आयरिशचे सोपे धडे इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत, आणि त्याच स्कॅनवरून, ऑर्डर आली की छापून दिलेल्या प्रती लोक पैसे मोजून घेतात. त्यात जुनी गेलिक लिपी, अक्षरावर टिंब देऊन उच्चार बदलतो, आणि हलक्या छपाईत नेमकं ते टिंब जातं. नवशिक्याला कळणारसुद्धा नाही की टिंब गेलंय.

व्यवहारी_माणूस
@सदू, सरकारने साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकावर का खर्च करायचा? तोच पैसा आजच्या शिकणाऱ्यासाठी नव्या पुस्तकावर घाला. मोठे कोश आधीच फुकट केलेत, १९५९ चा द वालद्राहेचा आणि १९७७ चा ओ डोनलचा, दोन्ही तांगलन साइटवर आहेत, वर आयरिशच्या तिन्ही मुख्य बोलींतले उच्चार ऐकायला मिळतात. एवढं असताना एका जुन्या पुस्तकावाचून अडलंय कुणाचं?

गॉलवेतला_सदू
अडतं. कोश म्हणजे धडे नव्हेत. आणि नवी पुस्तकं बहुतेक १९५८ मधे सरकारने ठरवलेल्या प्रमाण आयरिशवर चालतात. मुन्स्टरमधे क्रियापदाच्या रूपातच मी-तू कळतं, प्रमाण भाषेत बऱ्याच ठिकाणी तिथे वेगळं सर्वनाम लावतात. मुन्स्टरमधल्या केरीच्या म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं असेल तर ती रूपं कानावर आणि तोंडात बसावी लागतात, आणि त्यासाठी धड्यामागून धडा तसा रचलेलं पुस्तक लागतं.

डब्लिनची_वहिनी
अहो, पण सगळं आयरिश महाग आहे असं चित्र उभं करू नका, नवीन माणूस घाबरेल. नवशिक्यांसाठीचं बुन्टूस कान्त्या हे पुस्तक १९६७ पासून आहे, तीन छोटे भाग, रोजच्या वापरातली वाक्यं आणि सोबत ऑडिओ, आयरिश पुस्तकांच्या दुकानात अगदी थोडक्यात मिळतं. तेच परदेशातल्या मोठ्या साइटवर दुप्पट-तिप्पट भावाने लावलेलं मी बघितलंय आणि लोक बिचारे घेतातही, कारण शोधलं की पहिलं तेच समोर येतं! डब्लिनला हारकोर्ट स्ट्रीटवर कॉनरा ना गेलगे या आयरिश भाषेच्या संस्थेचं दुकान आहे, बेलफास्टला फॉल्स रोडवर कल्चरलान या आयरिश सांस्कृतिक केंद्रात आहे, ऑनलाइन लित्रीख्त डॉट कॉम आहे. आधी तिथे बघायचं. छापील पुस्तकावर इथे व्हॅट शून्य आहे.

आणि लायब्ररी! एक कार्ड काढलं की देशातल्या कुठल्याही सार्वजनिक लायब्ररीचं पुस्तक आपल्या जवळच्या शाखेत मागवता येतं, फुकट. २०१९ पासून उशिराचा दंडही नाही.

लिमरिककर
वहिनी, लायब्ररीचं बघते, मनापासून आभार. पण मुदत वाढवून वाढवून किती दिवस ठेवणार, व्याकरणाचं पुस्तक वर्ष-दीड वर्ष हाताशी लागतं, पेन्सिलने खुणा कराव्या लागतात. @जुनी_पुस्तकं_पुणे, तुमच्यासारख्याला चाळीस-पन्नास युरो द्यायला माझी ना नाही, खरंच नाही. मर्यादेचा मुद्दा मी थोडा बदलते. दुकानांनी भाव बांधू नयेत, पण लिस्टिंगला त्याच प्रतीचा फोटो सक्तीचा करावा. फोटो नाही तर लिस्टिंग नाही.

व्यवहारी_माणूस
फोटोच्या सक्तीला माझा पाठिंबा. पण फोटोवाला दोनशे मागत असेल तर?

लिमरिककर
मग तो हावरट आहे असं मी म्हणणार आणि घेणार नाही. फोरस ना गेलगेला पत्र लिहितेय, हक्क मिळवून परत छापा म्हणून. गॉलवे-कॉर्ककडचे कोणी सही करणार असतील तर व्यनि करा, @सदू तुम्ही धरलेलेच आहात.

जुनी_पुस्तकं_पुणे
माझंही नाव घाला. परत छापलं तर माझ्यासारख्याचं थोडं नुकसान होईल, पण पुस्तक वापरात राहील.