आयएफआर चार्ट अद्ययावत कसे ठेवावेत, आणि एफएए की जेप्सन?

प्रश्न: उत्तरवारा (न्यू जर्सी)

नमस्कार. मला गेल्या वर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ढगांत केवळ उपकरणांच्या आधारे (आयएफआर) उडण्याची परवानगी, मिळाले असून, आम्ही चौघांनी भागीदारीत घेतलेले सेसना १७२ मी कॉल्डवेलहून उडवतो. विमानात गार्मिनचा जीटीएन ६५० हा जीपीएस दिशादर्शक बसवलेला आहे. प्रशिक्षण चालू होते तोवर चार्टची सगळी व्यवस्था फ्लाइंग स्कूल पाहत असे. आता ती माझ्याकडे आली आहे आणि भागीदारांत एकमत नाही. एकाच्या मते जेप्सन या खासगी कंपनीच्या चार्टखेरीज आयएफआर उड्डाण करूच नये, तर दुसऱ्याच्या मते एफएएचे (अमेरिकेच्या सरकारी विमानवाहतूक संस्थेचे) चार्ट फुकट मिळत असताना वर्गणी भरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. अप्रोच प्लेट (विमानतळावर उतरण्याच्या पद्धतीचे चार्ट) नेमक्या किती दिवसांनी बदलतात, जुनी प्लेट वापरणे नियमबाह्य ठरते का, आणि पुढील उन्हाळ्यात माँट्रियलला जायचे असेल तर कोणता पुरवठादार निवडावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर: ध्रुवतारा (कनेक्टिकट, इन्स्ट्रुमेंट प्रशिक्षक)

आधी नियमाचे पाहू. तुमच्यासारख्या लहान, एका पिस्टन इंजिनाच्या खासगी विमानासाठी एफएएच्या नियमावलीतील भाग ९१ मध्ये ‘चार्ट चालू आवृत्तीचाच असला पाहिजे’ असे थेट वाक्य सापडत नाही. परंतु कलम ९१.१०३ प्रमाणे उड्डाणाशी संबंधित उपलब्ध असलेली सर्व माहिती वैमानिकाने निघण्यापूर्वी करून घेतलेली असली पाहिजे, आणि नवी प्लेट संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असताना जुनी घेऊन निघालेल्या माणसाला ‘ती माहिती मला उपलब्ध नव्हती’ असे म्हणता येणार नाही. स्पष्ट बंदी नाही म्हणजे मुभा आहे, असे कोणी सांगितले तर कृपया मानू नका.

आता कालावधी. इन्स्ट्रुमेंट पद्धतींतले बदल जगभर एरॅक नावाच्या २८ दिवसांच्या चक्रानुसार लागू होतात आणि अंमलाचा दिवस नेहमी गुरुवार असतो. उदाहरणार्थ, २२ जानेवारी २०२६ ला सुरू झालेले चक्र १९ फेब्रुवारीला संपले. अमेरिकेत नवी आवृत्ती ०९०१ यूटीसीला लागू होते. म्हणजे आपल्याकडे पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे ४ वाजून १ मिनिटाने आणि उन्हाळ्यात ५ वाजून १ मिनिटाने. बुधवारी रात्री मुक्कामी पोहोचून गुरुवारी सकाळी परतणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण जाताना चालू असलेली प्लेट येताना कालबाह्य झालेली असते. लो एन्‍रूट चार्ट (हवाई मार्गांचे नकाशे) आणि चार्ट सप्लिमेंट (विमानतळांची माहितीपुस्तिका) मात्र ५६ दिवसांनी निघतात.

एफएएची कोणतीही प्लेट समोर घ्या. कडेच्या समासात उभ्या ओळीत त्या आवृत्तीच्या आरंभाची आणि अखेरची तारीख असते. खाली डाव्या कोपऱ्यात त्या अप्रोचचा सुधारणा क्रमांक आणि त्याची तारीख असते. या दोन्हींत फरक आहे. समासातली तारीख दर २८ दिवसांनी पुढे सरकते, तर कोपऱ्यातला सुधारणा क्रमांक कित्येक वर्षे तोच राहू शकतो. म्हणून नवी आवृत्ती आली की मी विद्यार्थ्यांना नेहमीच्या विमानतळांचे कोपरे आधी पाहायला सांगतो. क्रमांक बदललेला दिसला की एफएएच्या संकेतस्थळावरची तुलनेची पीडीएफ उघडावी. जुन्या आणि नव्या प्लेटमध्ये काय बदलले ते तिच्यात ठळक करून दाखवलेले असते. वर्गणी भरणारे अनेकजण ही पीडीएफ कधी उघडतही नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. टॅब्लेटने नवी फाइल आपोआप उतरवून घेतली म्हणजे वैमानिकाला बदल कळला असे होत नाही.

दोन चक्रांच्या मधले बदल नोटॅममधून, म्हणजे वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचनांतून, येतात. धावपट्टीजवळ क्रेन उभी राहिली आणि त्यामुळे एलनॅव्हची (जीपीएसवर केवळ दिशा मिळणाऱ्या अप्रोचची) किमान उंची वाढवावी लागली, तर त्यासाठी पुढच्या चक्राच्या गुरुवारची वाट पाहिली जात नाही. एफडीसी नोटॅम निघतो आणि हातातली प्लेट ‘चालू’ असूनही तिच्यावरचा आकडा त्या दिवसापुरता चुकीचा ठरतो. एफएए व्हीओआर (जमिनीवरील रेडिओ दिशादर्शक) केंद्रांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करत असल्याने, केंद्र आधी बंद आणि प्लेट नंतर रद्द, असेही घडते. तेव्हा नवी आवृत्ती असली तरी नोटॅम वाचणे टळत नाही.

निवडीबाबत माझे मत असे की केवळ अमेरिकेत उडणाऱ्या खासगी वैमानिकाला एफएएचे चार्ट पूर्णपणे पुरेसे आहेत. मूळ पद्धत एफएएच ठरवते. जेप्सन तीच आपल्या मांडणीत छापते. मांडणीतला एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. जेप्सनमध्ये टेकऑफ मिनिमा (निघण्यासाठी लागणारी किमान दृश्यता) आणि अडथळे टाळून निघण्याची पद्धत बहुधा विमानतळाच्या आराखड्यासोबत, १०-९ मालिकेच्या पानांवर मिळते. एफएएच्या प्लेटवर काळ्या उलट्या त्रिकोणात ‘टी’ एवढीच खूण असते आणि मजकूर वेगळ्या विभागात जाऊन शोधावा लागतो. डोंगराळ भागातल्या, टॉवर नसलेल्या विमानतळावरून ढगांत निघताना तो मजकूर न वाचणे जिवावर बेतू शकते. एफएए निवडा, पण त्या त्रिकोणाचा माग काढण्याची सवय हाडीमांसी भिनवा.

उत्तर: सह्यकडा (मुंबई, विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. विमान कंपन्या पैसे का मोजतात एवढेच त्यात जोडतो.

प्रत्येक देश आपले चार्ट स्वतःच्या एआयपीमध्ये (अधिकृत वैमानिकी माहितीसंग्रहात) प्रसिद्ध करतो. आपल्याकडे ते काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे आणि ई-एआयपी कोणालाही विनामूल्य पाहता येते. पण मुंबईहून एका आठवड्यात आखातात, युरोपात आणि आग्नेय आशियात जाणाऱ्या वैमानिकाने प्रत्येक देशाची वेगळी मांडणी वाचत बसणे सुरक्षित नाही. जेप्सन, लुफ्तान्सा सिस्टिम्सचे लिडो आणि एअरबसची नॅव्हब्लू हे सगळे चार्ट एकाच मांडणीत देतात. तुम्ही पैसे त्या एकसारखेपणाचे मोजता. थकलेल्या अवस्थेत, रात्री, अनोळखी विमानतळावर मिस्ड अप्रोचची (उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची) उंची डोळ्यांना नेहमीच्याच जागी सापडते, याचे मोल आमच्या कामात फार मोठे आहे.

वैमानिक एल्री जेप्सन यांनी १९३४ साली आपल्या नोंदींची वही दहा डॉलरला विकायला सुरुवात केली, त्यामागेही इतर वैमानिकांची हीच गरज होती. पुढे कागदी बाइंडर आले आणि दर पंधरवड्याला आलेल्या पातळ पानांचा गठ्ठा घेऊन जुने पान काढ, नवे घाल, यादीशी ताडून पाहा, हे काम कित्येक पिढ्यांनी केले. त्या कामात कंटाळा होता, पण प्रत्येक बदललेले पान एकदा तरी डोळ्यांखालून जात असे. तुमची तुलनेची पीडीएफ आज तेच काम करते.

खरेदीपूर्वी आणखी एक बाब पाहावी. जेप्सन आणि फोरफ्लाइट (चार्ट दाखवणारे ॲप बनवणारी कंपनी) दोन्ही बोईंगकडे होत्या आणि २०२५ मध्ये दोन्ही एकत्रच थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीकडे गेल्या. त्यामुळे या दोघांच्या किमतींची तुलना करून घासाघीस होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. खरा पर्याय पाहायचा तर गार्मिन पायलटसारखी दुसऱ्या घराची प्रणाली पाहावी.

उत्तर: पूर्वरंग (टेक्सास)

जीटीएन ६५० मधला डेटाबेस चर्चेतून निसटला आहे. तो प्लेटपासून वेगळा असतो, त्याची वर्गणीही वेगळी असते आणि तोही २८ दिवसांनीच बदलतो. टॅब्लेटवर नवे चक्र आणि पॅनेलमध्ये जुने असेल, तर प्लेटवरचा वेपॉइंट (मार्गावरचा नाव दिलेला बिंदू) जीटीएनच्या यादीत सापडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे जुन्या नावाने सापडतो. मुदत संपलेल्या डेटाबेसवर जीपीएस अप्रोच करता येतो की नाही, हे तुमच्या विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलच्या पुरवणीत लिहिलेले असते. ते पान चौघांनीही वाचावे. भागीदारीच्या विमानात डेटाबेसचे कार्ड कोणी बदलायचे हे ठरलेले नसले, तर चौघेही एकमेकांच्या भरवशावर राहतात. एकाचे नाव ठरवा आणि चक्राची अखेरची तारीख विमानाच्या लॉगबरोबर लिहून ठेवा.

उत्तरवारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डेटाबेसची तारीख उद्याच पाहतो. माँट्रियलचे तेवढे कोणी सांगाल का? आणि टॅब्लेट बंद पडला तर कागद सोबत ठेवावा का?

ध्रुवतारा

कॅनडाचे अप्रोच चार्ट नॅव्ह कॅनडा प्रसिद्ध करते आणि एफएएच्या विनामूल्य संचात ते येत नाहीत. तुमच्या ॲपमध्ये कॅनडा हा प्रदेश आणि त्याचे चार्ट वर्गणीत आहेत का ते आधी तपासा. नसल्यास तेवढ्या काळापुरते घ्या. एका सहलीसाठी जेप्सनचा मोठा संच घेण्याची गरज मला वाटत नाही. जीटीएनच्या डेटाबेसमध्ये कॅनडा आहे की फक्त अमेरिका, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

कागदाबद्दल सांगायचे तर उन्हाळ्यात काचेखाली तापून टॅब्लेट बंद पडतो, हे मी विद्यार्थ्यांसोबत पाहिले आहे. फोनवर तेच चार्ट उतरवून ठेवा, आणि गंतव्य व पर्यायी विमानतळाच्या प्लेट निघण्याच्या दिवशी छापून गुडघ्यावरच्या पाटीला लावा. उड्डाण संपले की ते कागद फाडून टाका, म्हणजे पुढच्या महिन्यात ते चुकून कोणाच्या हाती लागणार नाहीत.