‘ऑब्स्क्युरा’नंतर काय ऐकू? बास ऐकू येणारं डेथ मेटल हवंय

मंडळी, मदत हवी आहे. डेथ मेटल (हेवी मेटलचा अतिआक्रमक प्रकार) वाजवणाऱ्या गोरगट्स बँडच्या ‘ऑब्स्क्युरा’ अल्बमने (१९९८) पार वेड लावलंय. डिसोनंट (मुद्दाम बेसूर, खटकणारे) रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हापुन्हा येणारे तुकडे, तर आहेतच, पण बास हा गिटारच्या मागे न फरफटता स्वतःचं वेगळंच काहीतरी वाजवतो आणि ते स्पष्ट ऐकू येतं, हे मला सगळ्यात भावलं. त्यांचे २००१ आणि २०१३ चे अल्बमही ऐकून झालेत. अल्सरेट या बँडचा २०२० चा अल्बम ड्रमिंगसाठी अफाट, पण माझ्या कानांना त्यात बास दबलेला वाटतो. पोर्टल या बँडचं संगीत फारच गढूळ वाटलं. डेमिलिच बँडचं ‘नेस्पिथे’ मात्र जाम आवडलं. क्लीन गायन (गुरगुरण्याऐवजी साध्या आवाजातलं), कीबोर्ड नको. हेडफोनवरच ऐकतो, त्यामुळे कर्कश मास्टरिंग (रेकॉर्डिंगवरचा शेवटचा ध्वनी-संस्कार) सोसत नाही. जुनं-नवं काहीही चालेल. याच जातकुळीतला, बास खरोखर पुढे असलेला कोणता अल्बम आधी ऐकावा?